वरून काका, खालून हवालदार

अंगावरची खाकी काढून ठेवून काम करणारा पोलीस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या गावच्या पोलीस चौकीत त्यांच्या खुर्चीमागे भिंतीला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट कायम लटकलेला असायचा. एखाद्या पोराला धरून आणलं की हवालदार आधी उठायचे, खाकी शर्टाची बटणं एकेक करून सोडायचे, त्याची नीट घडी घालून टेबलावर ठेवायचे, वर टोपी ठेवायचे आणि चौकड्यांचा शर्ट चढवून मगच पोराशी बोलायला बसायचे. अठरा वर्षांखालच्या मुलाशी बोलताना पोलिसानं गणवेशात असू नये, असा नियम आहे म्हणे. आता असले नियम वाचायला असतात, पाळायला नसतात, ही साधी गोष्ट या माणसाला तीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितली नव्हती. पँट मात्र ते बदलायचे नाहीत. "पँटीचंबी केलं आसतं, पर चौकीत आडोसा न्हाई," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पोरांच्या वाट्याला ते नेहमी वरून काका आणि खालून हवालदार असे यायचे.

त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. पोरं त्यांना 'चौकडीकाका' म्हणायची आणि थोर मंडळी 'चौकडी हवालदार'. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगली जिल्ह्यातलं आहे, पाटाचं पाणी आहे, घराघरातला एकजण फौजेत आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर निम्मं गाव म्हणेल की आमच्याच पोराबद्दल लिहिलंय, आणि ते खरं निघेल. हवालदार मूळचे साताऱ्याकडचे, म्हसवडच्या बाजूचे. दुष्काळातला माणूस आमच्या उसात आला होता आणि आमच्याकडचं पाणी बघून त्याला नवल नव्हे, राग यायचा. "आमच्याकडं पान्याला मानूस जपतंय," ते म्हणायचे. "तुमी पाटाला पानी आन् पोराला मोबाईल, दोनी सोडून देताय आन् रानाकडं फिरकत न्हाई. मग बांध फुटला की चौकीत येताय."

चौकीत यायची आमच्याकडची एक रीत आहे. पोराला धरल्याचा निरोप आला की बाप तरातरा येतो, उंबऱ्याच्या आत पाय टाकतो आणि कुणी काही विचारायच्या आत पोराच्या कानाखाली आवाज काढतो. त्यात शिस्त वगैरे काही नसते. आपण मारलं की पोलीस मारत नाहीत, असा तो हिशेब असतो. बापाचा पहिला हात पोरावर जातो आणि दुसरा मोबाईलवर, कारण लगेच कुणातरी नेत्याला फोन लावायचा असतो. चौकडी हवालदार मधे उभे राहायचे. "आवं थांबा थांबा. मारायचं काम सरकारनं मलाबी बंद केलंय, तुमाला परवाना कुनी दिला?" आणि फोन पुढं केला की म्हणायचे, "सायबाला इचारा, पोरगं कितवीत हाय. त्यास्नी म्हाईत आसलं तर सोडतो." साहेबाला माहीत नसायचंच. पण पुष्कळदा फोन करणाऱ्यालाही माहीत नसायचं.

रीतीतला दुसरा भाग म्हणजे एक वाक्य. जन्मात ज्या घरात दोन माणसांचं एकमत झालं नाही, त्या घरातसुद्धा हे वाक्य जसंच्या तसं म्हटलं जातं. "आमचं पोरगं तसं न्हाई, संगतीनं बिघडलंय." हवालदार हे वाक्य अतिशय आदरानं ऐकायचे. मग पेन उचलून विचारायचे, "त्या संगतीचं नाव सांगा. गाव, वडलाचं नाव, समदं सांगा. मी तिला आत टाकतो आन् तुमच्या पोराला सोडतो." मग शेजारच्या पोराचं नाव यायचं. शेजारच्याला बोलावलं की तो याचं नाव सांगायचा. तीस वर्षांत आपल्याला अस्सल बिघडलेलं पोरगं एकही भेटलं नाही, सगळी संगतीचीच भेटली, असं ते हताश चेहऱ्यानं सांगायचे.

एवढं झाल्यावर ते ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढायचे. त्याचं नाव 'सामाजिक पार्श्वभूमी अहवाल'. किरकोळ गुन्ह्यात मुलावर एफआयआर करायचा नसतो, डायरीत नोंद करायची आणि हा अहवाल भरून सांगलीला बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा, असं कायदा सांगतो. बाकीच्या ठिकाणी तो पाच मिनिटांत भरला जात असेल. हवालदार मात्र बापाला समोर बसवून एकेक रकाना विचारायचे, आणि फॉर्ममध्ये नसलेले चार प्रश्न पदरचे घालायचे. पोराचे वर्गशिक्षक कोण? मित्र कोण कोण? जेवणात काय आवडतं? पायात किती नंबरची चप्पल लागते? गावानं त्याला 'बापाचा पंचनामा' असं नाव ठेवलं होतं. त्या पंचनाम्यात भले भले बागायतदार घामाघूम झालेले मी पाहिले आहेत. चुकलं की ते रकान्यात सरळ लिहायचे, 'वडिलांस माहीत नाही', आणि खाली सही घ्यायचे.

माझ्या माहितीत तो फॉर्म धडाधड सांगणारी एकच व्यक्ती निघाली, गोट्याची आई. गोट्या आमच्याच शाळेत पाचवीला होता तेव्हा त्यानं कुणाच्या तरी सायकलची घंटी काढून नेली होती. बाप नाही, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. रानातली माती हातावर तशीच घेऊन ती बाई आली. तिनं पोराला मारलं नाही, फोन केला नाही, संगतीचं नावही काढलं नाही. "न्हेली आसंल सायेब, त्येला घंटीचा लय नाद हाय," एवढंच म्हणाली आणि मग वर्गशिक्षकापासून चपलेपर्यंत सगळं तोंडपाठ सांगितलं. हवालदारांनी गोट्याकडूनच घंटी परत बसवून घेतली आणि वर त्यालाच दोनदा वाजवायला लावली. "फिट बसलीय का बघाय नको व्हय?" असं कारण दिलं.

आता मी कोण ते सांगतो. मी हायस्कूलला मराठी शिकवतो. दरवर्षी पालक मेळाव्यात 'संस्कार' या विषयावर माझं भाषण असतं आणि ते चांगलं होतं. त्या भाषणात "आजकाल पोलिसांचा वचक राहिला नाही" हे वाक्य आलं की टाळ्या पडतात. त्यामुळे चौकडी हवालदारांची ही शर्ट बदलण्याची पद्धत मला सुरुवातीपासून पटत नव्हती. त्यात कोयत्याचं प्रकरण झालं. चार पोरांनी वाढदिवसाचा केक कोयत्यानं कापला आणि त्याची रील केली. गाव खवळलं. आता यांची धिंड निघणार म्हणून सलूनच्या दारात माणसं मोबाईल सरसावून उभी राहिली. हवालदारांनी काय करावं? त्यांनी केकवाल्या पोराच्या आईला बोलावून विचारलं, "कोयता कुनाचा?" ती म्हणाली, "आमचाच, वैरनीचा." "मग आज वैरन कशानं कापली?" "इळ्यानं." पुढचे पंधरा दिवस त्या चौघांनी त्याच कोयत्यानं तिच्या म्हशींची वैरण कापली आणि रोज सकाळी शाळेच्या आधी चौकीत येऊन हात दाखवले. सलूनच्या दारातल्या लोकांची फार निराशा झाली. माझीही झाली.

मग मी अर्ज लिहिला. अर्ज लिहावा तर मी, हे गावात सर्वमान्य आहे. 'सदर हवालदार अल्पवयीन गुन्हेगारांशी अनाठायी मवाळपणे वागत असून समाजात वचक उरलेला नाही. तरी मुलगा कोणाचाही असो, गय न करता कठोर कारवाई व्हावी.' 'कोणाचाही' या शब्दाखाली मी रेघ मारली. पानभर सह्या झाल्या. अर्ज सांगलीला मोठ्या साहेबांकडे गेला आणि आपण पाठीमागून वार करत नाही हे दिसावं म्हणून एक प्रत मी स्वतः चौकीत नेऊन दिली. हवालदारांनी ती उभ्या उभ्या वाचली. "अक्षर लय झ्याक हाय," म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, भर तासाला, शाळेत त्यांचा फोन आला. "गुरुजी, जरा चौकीत या. सवडीनं या, पर आत्ता या." हायस्कूलच्या शिक्षकाला गुरुजी म्हटलेलं आवडत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

सुमनआक्का नावाच्या बाईंचं ओढ्याकडेला मिरचीचं थोडं रान आहे. त्यांच्या विहिरीच्या मोटारीची केबल कुणीतरी तोडून नेली होती, जाळून तिच्यातलं तांबं काढलं होतं आणि भंगारात विकलं होतं. भंगारवाल्यानं नावं सांगितली. चौकीच्या बाकावर चार पोरं बसली होती आणि चौथा माझा मुलगा ओंकार होता, इयत्ता नववी. तिघांचे बाप माझ्या आधी पोचले होते, एक निवृत्त सुभेदार, एक बागायतदार तात्या आणि एक गॅरेजवाले. तिघांच्याही सह्या माझ्या अर्जावर होत्या. मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि ज्या रीतीला आजवर हसलो होतो ती रीत माझ्या हाताला आपोआप आली. हवालदारांनी माझं मनगट वरच्यावर धरलं. "गुरुजी, तुमीबी?" एवढंच म्हणाले. त्यांच्या अंगावर चौकड्यांचा शर्ट होता.

मी खाली बसलो आणि अत्यंत शुद्ध मराठीत म्हणालो, "हवालदारसाहेब, आमचा ओंकार तसा नाही. संगतीचा परिणाम आहे." बाकीचे तिघे माझ्याकडे बघायला लागले, कारण थोड्या वेळापूर्वी त्यांनीही हेच सांगितलं होतं. हवालदार म्हणाले, "म्हंजे चौघंबी संगतीनंच बिघडली. मग ही पाचवी संगत कोन, तिला हुडकाय पायजे." ते बाकाकडे वळले. "काय रं गड्यांनो, केबलीचं पयल्यांदा कुनाच्या डोक्यात आलं?" गॅरेजवाल्यांचा अमोल हळूच म्हणाला, "ओंक्यानं सांगितलं. म्हनला, मी सरांचा पोरगा हाय, माज्यावर कुनी सौंशय घेत न्हाई."

आयुष्यभर ज्या संगतीला मी भाषणांत शिव्या दिल्या, ती माझ्या घरात रोज रात्री वरणभात खाऊन झोपत होती.

माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली. ओंकारला फौजेत अधिकारी व्हायचं होतं. सहावीपासून त्याच्या भिंतीवर तेच चित्र होतं, पहाटे उठून तो पळायला जायचा. पोलिसाच्या कागदावर नाव चढलं की ते सगळं संपलं, असं आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. हवालदारांनी ड्रॉवर उघडला आणि माझा अर्ज काढला. वाचायला त्यांनी चष्मा लावला. "मुलगा कोनाचाही असो. हितं तुमी रेघ बी मारलीया. बोला गुरुजी, अर्जापरमानं करू का नियमापरमानं?"

मी म्हणालो, "नियमाप्रमाणे."

"मग घाबरू नका. नियम पोराचं आयुष्य मोडाय केल्याला न्हाई," ते म्हणाले आणि फॉर्म पुढे ओढला. वर्गशिक्षकाचं नाव मला आलं, कारण ते माझ्या शेजारी बसतात. मित्रांची नावं आली नाहीत, ती तिथेच बाकावर बसलेली असून आली नाहीत. चपलेचा नंबर आला नाही. आवडतं जेवण मी अंदाजानं सांगितलं आणि ओंकारनं मान हलवली, नाही म्हणून. मग 'कारण' हा रकाना आला. हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याऐवजी त्याला विचारलं. ओंकार माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरात बाबा बोलतात, मी ऐकतो. तिथं मी बोलतो आणि ही ऐकतात." हवालदारांनी ते तसंच लिहिलं. एक शब्दही बदलला नाही.

शिक्षा म्हणावी असं काही झालं नाही. चार घरांनी मिळून नवी केबल आणायची आणि ती पुन्हा कुणाला सहज तोडता येऊ नये म्हणून विहिरीपासून खांबापर्यंत चर खणून पुरायची. "पोरांनी खनायचं?" तात्यांनी विचारलं. "पोरांनी आन् बापांनी," हवालदार म्हणाले. "केबल एकट्या पोरानं तोडली आसं मला वाटत न्हाई." दोन दिवस आम्ही चौघे बाप इस्त्रीच्या कपड्यांत सुमनआक्कांच्या रानात खणत होतो. बांधावर बघ्यांची कमतरता नव्हती. मोबाईलही होते, पण हवालदार बांधावर खाकीत उभे होते. मोठ्या माणसांसाठी त्यांना शर्ट बदलायची गरज नव्हती.

सुमनआक्का मिरचीच्या सरीला घागरीनं पाणी घालत होत्या. दहा दिवस घालत होत्या. निम्मी रोपं माना टाकून पडली होती. त्या पोरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "न्हेली ती न्हेली, पर जाळली कशापायी रं? आख्खी ठिवली आसती तर जोडून घितली आसती की." दुसऱ्या दिवशी ओंकारनं न सांगता घागर उचलली. मी चर खणत होतो. थोड्या वेळानं तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाबा, टिकाव असा नाही धरत. मधे नका धरू, मागं धरा." मी मागे धरला. बऱ्याच वर्षांनी तो बोलला आणि मी ऐकलं. आपण खाली बसून रडावं असं मला वाटलं, पण बांधावर लोक होते.

ही गोष्ट इथं संपली असती तर फार बरं झालं असतं. पण माझा अर्ज सांगलीत होता. सरकारी कागद उशिरा हलतो, पण हलतो. सहा महिन्यांनी चौकडी हवालदारांची बदली जतच्या पुढं, पार कर्नाटकच्या हद्दीवर झाली आणि कारण होतं, नागरिकांच्या तक्रारी. मी सांगलीला धावलो. अर्ज मागे घ्यायचा तर नवा अर्ज लागतो, आणि त्यावरही सह्या लागतात, असं कळलं. मी सह्यांना फिरलो. सुभेदारांनी केली, गॅरेजवाल्यांनी केली. तात्या म्हणाले, "आवं, झालं ते झालं. आपली पोरं सुटली न्हवं?" पहिल्या अर्जाला पानभर सह्या होत्या, दुसऱ्याला तीन नावं झाली. ती बदली थांबवायला पुरेशी नव्हती.

ते निघाले तेव्हा मी एसटी स्टँडवर गेलो. बोलायला त्यांनीच सुरुवात केली. "गुरुजी, अर्ज खरंच चांगला लिवला हुता. शुद्धलेखनाची एकबी चूक न्हाई." टोमणा असता तर मला सोसला असता. पण ते मनापासून म्हणत होते.

नंतर आलेल्या साहेबांनी गावाची सगळी हौस फेडली. सातवीतल्या गोट्यानं कुणाच्या तरी गच्चीवरून दोन कबुतरं काढून नेली. साहेबांनी त्याला खाकीतच पकडला, दोन्ही हातांत दोन कबुतरं दिली आणि पेठेतून चालवत नेला. सलूनच्या दारात मोबाईल तयार होतेच. ती चित्रफीत माझ्याही फोनवर आली. सोबत कुणीतरी लिहिलं होतं, 'आता बसेल वचक.' हा माझा शब्द. मी तो भाषणात आणि अर्जात, दोन्हीकडे वापरला होता. गोट्याच्या मागून त्याची आई चालताना दिसते, हातावर माती तशीच. तिला कुणी काही विचारलं नाही, फॉर्मही नाही. गोट्या शाळेत यायचा बंद झाला आणि हायवेवर गाड्या धुवायला लागला. त्याच्या भोवती आता खरोखरची संगत असते, असं ऐकलं.

ओंकारनं एका जेवणाच्या वेळी विचारलं, "बाबा, तो अर्ज तुम्ही लिहिला होता ना?" मी हो म्हणालो. त्यानं ताटातलं संपवलं आणि उठला. दुसऱ्या दिवशी तो चौकीत गेला. हवालदारांचा खिळ्यावरच राहिलेल्या शर्टानं नवे साहेब मोटारसायकल पुसत होते. तो त्यानं मागून आणला आणि स्वतः धुतला. पुढं हवालदार निवृत्त होऊन म्हसवडला घरी आलेत असं कळलं, तेव्हा एका रविवारी इस्त्री केलेला शर्ट घेऊन तो एसटीनं एकटाच तिकडे गेला. संध्याकाळी शर्ट घेऊन परत आला. मी विचारलं, "का रे, भेटले नाहीत?" तो म्हणाला, "भेटले. भाकरी घातली खायला. शर्ट तुम्हाला द्यायला सांगितलाय. म्हणाले, गुरुजीस्नी सांग, साळंतबी खिळा आसतोय."

मला तो पोटावर घट्ट होतो. तिसरं बटण लागत नाही. तरी गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मी तो घातला आणि हायवेवर गेलो. गोट्या एका ट्रकच्या चाकावर पाणी मारत होता. मी त्याला दोन वर्षं मराठी शिकवलंय, आणि माझा चेहरा पाहून तो पळाला असता, याची मला खात्री आहे. त्यानं वर पाहिलं. चेहऱ्यापर्यंत त्याची नजर आलीच नाही. शर्टावर थांबली, आणि त्यानं हातातला पाईप खाली ठेवला.